मखमलीतली रिकामी जागा

कॉटर्स बेंड, वायोमिंग
२ ऑक्टोबर

मारिट,

पाकिटावरचं अक्षर माझं आहे हे बघून फेकून देणार असशील तर थांब. पैसे नकोत. मी तुरुंगात नाही. पोस्टमास्तरीणबाईंच्या खुर्चीत बोकड बसवल्याचं प्रकरणही मिटलंय, बोकडाने माफी मागितली.

मला फक्त एक विचारायचंय. लहानपणी नाताळच्या आधी बाबा आपल्या भेटी लपवायचा आणि तू सगळ्या शोधून काढायचीस. मला बापजन्मात एक सापडली नाही. तर तो वस्तू कुठे कुठे लपवतो, तेवढं लिहून कळव. सगळ्या जागा. लाजू नकोस, आता मी एकोणीस वर्षांचा आहे.

त्याच्या संग्रहातलं एक रिव्हॉल्व्हर मिळत नाहीये. बंदुकीच्या दुकानवाल्या मर्लला नोव्हेंबरच्या प्रदर्शनात बाबाचा अख्खा संग्रह मांडायचाय आणि त्यात एक जागा रिकामी आहे. तुला या गोष्टींचा तिटकारा आहे, माहितेय. पण पेटी तरी आठवत असेल. हिरवी मखमल, प्रत्येक रिव्हॉल्व्हरच्या मापाचा त्यात कापलेला खळगा. सगळी एकाच जातीची, आखूड नळी आणि मोठं तोंड. आई म्हणायची, हा माणूस आपलेच फोटो जमवतो.

जे मिळत नाही ते सगळ्यात हलकं. चव्वेचाळीस बोअरचं, नळी माझ्या अंगठ्याएवढी, आणि वजन सूपच्या डब्याहून थोडं जास्त. उडवलं की कोपरापर्यंत मुंग्या येतात. ते त्याला कुठेच मिळत नव्हतं. चार राज्यं पालथी घालून शेवटी मिळालं, तेव्हा घरी येऊन त्याने आईला उचलून गोल फिरवलं होतं. आई म्हणाली, मी त्याच्याएवढी हलकी नाही, खाली ठेव.

बस. एवढंच काम आहे.

टोबिन

ता. क. एवढंच नाहीये. पाकीट बंद केलं होतं, परत फाडलं.

इकडे कसं असतं ते तू विसरली असशील, नाहीतर मुद्दाम विसरली असशील. एखादा माणूस गप्प गप्प व्हायला लागला, जेवायचा कमी झाला, की त्याचा एखादा दोस्त येतो आणि म्हणतो, तुझ्या बंदुका साफ करायला नेतो रे. तो म्हणतो, ने. कोणी काही विचारत नाही. बर्फ वितळलं की दोस्त परत आणून देतो. लार्सनकडे असंच झालं होतं, शाळेच्या बसवाल्याकडेही.

गेल्या महिन्यात मर्ल आपल्याकडे आला. दारात टोपी काढून उभा. "ऑर्व्हल, साफसफाई करायला म्हटलं..."

बाबा म्हणाला, "ने की." गाडीत ठेवायला मदतसुद्धा केली. रायफली, शॉटगन, मखमलीची पेटी, सगळं. मर्लने दुकानात जाऊन पेटी उघडली तर हलक्याचा खळगा रिकामा. त्याने फोन केला. बाबा म्हणाला, "ते होय? दिलं कोणालातरी. आठवत नाही."

बाबाला १९७४ साली कुणी कोणता स्क्रू बदलला ते आठवतं, मारिट.

तर ते घरात आहे. त्याने ते हातात घ्यायच्या आधी मला सापडायला हवं.


१९ ऑक्टोबर

मारिट,

तुझं उत्तर नाही. ठीक आहे, वासरं विकायला नेली तेव्हा पोस्टात जायला मला तरी कुठे वेळ होता.

शोधाशोध चालू आहे. आता मी घर उचकतोय म्हटल्यावर बाबाला दिसणारच. म्हणून मी अगोदरच जाहीर केलं की मी एक रबरी साप लपवलाय आणि कुठे ते माझंच मी विसरलो. हे त्याला पटलं. माझ्याबद्दल कुणी काही वाईट सांगितलं की लोकांना लगेच पटतं, याचा आयुष्यात पहिल्यांदा फायदा झाला.

रोज सकाळी कॉफी घेताना विचारतो, "मिळाला का साप?"

"नाही."

"पिठाच्या डब्यात बघितलंस?"

"बघितलं."

"बुटात?"

"तुझे बूट उघडायला धाडस लागतं."

पूर्वी याच्यावर तो टोपी फेकून मारायचा. आता नुसता मान हलवतो. मारिट, तो माझी चेष्टा करतोय का मला चुकवतोय, मला कळत नाही. आणि मी, ज्याने अख्ख्या गावाला बनवलं, मला एका म्हाताऱ्याचं तोंड वाचता येत नाही.

माळा झाला. तळघर झालं. ट्रॅक्टरच्या सीटखाली बघितलं, कोंबड्यांच्या खुराड्यात हात घातला, एकीने चोच मारली. सामान ठेवायची शेड निम्मी झाली. जुन्या बंद पडलेल्या फ्रीजमध्ये आईचे जॅमचे डबे निघाले, चोकचेरीचे. वर तिच्या हाताने वर्ष लिहिलेलं. मी परत ठेवून दिले. खाऊन टाकले तर संपतील.

यंदा तो एल्क हरणांच्या शिकारीला गेला नाही. शेजारचा डेनी आपली रायफल घेऊन बोलवायला आला होता. "चल ऑर्व्हल, मी एकटा गेलो तर एल्क हसतात मला." बाबा म्हणाला, "गुडघा दुखतोय." आणि डेनी गेल्यावर त्याच गुडघ्यावर बसून त्याने सगळ्या गाईंचे खूर बघितले.

तू म्हणशील, डॉक्टर. तुझ्या शहरात असेल. इकडचा डॉक्टर एक मंगळवार सोडून येतो, आणि त्याच्या दारात कोणाची गाडी उभी आहे ते खानावळीतून सगळ्या गावाला दिसतं. तरी मी म्हणून बघितलं. जेवताना. म्हटलं, "बाबा, झोप लागते का?"

"लागते."

"भूक?"

"टोबिन, तू माझी आई आहेस का?"

"नाही. ती तुझ्याहून देखणी होती."

त्याने बटाटा संपवला नाही.

मारिट, जागा लिही. एक ओळ पुरे.


६ नोव्हेंबर

मारिट,

तुझं कार्ड आलं. दोन वर्षांनी तुझं अक्षर बघितलं. "शिलाई मशीनचा खालचा खण, मागची फळी निघते." खाली सहीसुद्धा नाही. वर समुद्राचं चित्र. चित्रासाठी आभार, निदान तुझ्या समुद्राला पाणी तरी आहे.

बाबा गुरांना मीठ टाकायला वरच्या कुरणात जाईपर्यंत मी थांबलो. आईच्या खोलीत गेलो. मशीनवर तिने शिवायला घेतलेला तुझा पडदा अजून तसाच आहे, सुई अजून कापडात. खालचा खण काढला. फळी निघाली.

आत एक पिवळं फडकं होतं, बस. पण फडक्यावर तेलाचा डाग आहे, मारिट. बरोब्बर त्याच्या आकाराचा. छोटी नळी, गोल चक्र, मूठ. वास घेतला, तेल ताजं होतं. बंदुकीच्या तेलाला केळ्यासारखा वास येतो, तुला आवडायचा नाही.

म्हणजे ते तिथे होतं. तिच्या मशीनमध्ये. आणि त्याने हलवलं. साप शोधणारा पोरगा कोणता साप शोधतोय ते त्याला पहिल्या दिवसापासून माहीत असणार. मी खोली उघडतो त्याच्या आदल्या दिवशी तो ती रिकामी करत असणार. मी स्वतःला हुशार समजत होतो. ज्याच्याकडून सगळ्या खोड्या शिकलो, त्याच्याशीच लपाछपी खेळतोय.

मर्लकडे गेलो. सगळं सांगितलं. म्हातारा बराच वेळ एकाच नळीतून चिंधी फिरवत बसला. मग म्हणाला, "अशी गोष्ट माणसाकडून काढून घेता येत नाही बाळा. त्याने स्वतः द्यायला पाहिजे."

"तो देईल? का म्हणून?"

"कारण तो संग्राहक आहे. संग्राहकाला बायको गेलेली सहन होते, गुरं मेलेली सहन होतात. पेटीतली रिकामी जागा सहन होत नाही. एकदा मी चुकीच्या वर्षाचं लेबल लावलं, तर तुझा बाप भर बर्फातून वीस मैल गाडी हाकत आला होता. आकडा बदलला आणि न जेवता परत गेला."

हे खरं आहे. मी तेव्हा गाडीत होतो, मला शू लागली होती.

तर बेत असा. पंधरा तारखेला जत्रेच्या मैदानातल्या हॉलमध्ये प्रदर्शन आहे. मर्लने मांडणीच्या स्पर्धेत बाबाचं नाव घातलंय. पेटी उघडी, दिवे लावलेले, नावाची पट्टी, आणि मधोमध रिकामा खळगा. सगळ्या राज्यातले लोक बघणार. परीक्षक बघणार. बाबाला ते बघवणार नाही. तो घरी जाईल, ते आणेल, आपल्या हाताने खळग्यात ठेवेल. मग मर्ल पेटी बंद करून तिजोरीत टाकेल, बर्फ वितळेपर्यंत.

मर्ल म्हणाला, रिकामी जागा पुरेल. मी म्हटलं, रिकामी जागा डोळ्याआड करता येते. मी तिथे असं काहीतरी ठेवतो की त्याचं डोकंच फिरलं पाहिजे.

मर्ल म्हणाला, "काय ठेवणार?"

मी सांगितलं नाही. पण खरं सांगतो, बऱ्याच दिवसांनी मी शिट्टी वाजवत घरी आलो.


१६ नोव्हेंबर

मारिट,

काल झालं. पहिल्यापासून सांगतो, नाहीतर सांगायचंच टाळेन.

बाबा आला. माझ्याच गाडीतून, नवा शर्ट घालून आला, दाढीसुद्धा केलेली. मला वाटलं, जिंकलो. दारात तो जाड्या फ्रँक बसला होता, येणाऱ्या प्रत्येकाच्या बंदुकीला ती उडू नये म्हणून प्लास्टिकची पट्टी बांधत. "ऑर्व्हल, अंगावर काही आहे का? बांधून देतो."

बाबाने कोट उघडून दाखवला. "काही नाही."

त्या क्षणी मला दोन गोष्टी कळल्या. एक, ते त्याच्याजवळ नाही. दोन, म्हणजे ते घरी आहे आणि तो इथे आहे.

तरी आधी पेटी. मर्लने टेबल सजवलं होतं, पांढरी चादर, दोन दिवे. मी हलक्याच्या खळग्यात पाण्याचं पिस्तूल ठेवलं होतं. पोपटी, प्लास्टिकचं, डेनीच्या धाकट्याचं. खाली बाकीच्यांसारखंच छापील लेबल, "चव्वेचाळीस बोअर. अतिहलकं. पाण्यावर चालतं. अतिशय दुर्मिळ, कारण मालकाला ठेवलं कुठे ते आठवत नाही." आणि शेजारच्या जुन्या लांब मुठीच्या रिव्हॉल्व्हरचं वर्ष मुद्दाम चुकवलं. चांगलं दहा वर्षांनी.

गर्दी झाली. लोक हसत होते. ॲपल पाय विकणाऱ्या चर्चमधल्या बायकासुद्धा टेबल सोडून आल्या. एक परीक्षक भिंग लावून ते पोपटी पिस्तूल बघत होता आणि दुसऱ्याला म्हणत होता, "फिनिश मूळचं आहे."

बाबा पुढे आला. लोकांनी वाट दिली. सगळ्यांना माहीत होतं की आता ऑर्व्हल लिंडव्हिग भडकणार, आणि तो भडकताना बघायला मजा येते.

त्याने पेटी बघितली. सावकाश, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. चुकलेलं वर्ष वाचलं. त्याचे ओठ हलले, मी बघितलं, खरा आकडा त्याच्या तोंडापर्यंत आला होता. मग त्याने पोपटी पिस्तुलावर बोट ठेवलं. जरा हसला.

"छान दिसतंय," म्हणाला. "राहू दे."

मर्लचा चेहरा उतरला. तो म्हणाला, "ऑर्व्हल, वर्ष चुकलंय बघ."

"असू दे."

"तुझं ते हलकं आण ना घरून. मी येतो गाडी घेऊन. ही जागा बघवत नाही."

बाबा म्हणाला, "मला बघवते की."

अगदी साधं बोलला. चिडून नाही, रडून नाही. कोणी जागा सोडून दुसऱ्याला बसायला सांगावं तसं. मग मर्लच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "ही सगळी तूच ठेव. बर्फ वितळल्यावर परत आणायची भानगड करू नकोस."

लोक पांगले. परीक्षकांनी आम्हाला पहिल्या बक्षिसाची निळी फीत दिली, सगळ्यात मजेदार मांडणी म्हणून.

मी मर्लला म्हटलं, याला इथे धरून ठेव. मर्लने त्याला ॲपल पाय खायला बसवलं, मी गाडी सुसाट घरी नेली. दुपार सगळी माझी होती, मारिट. चोरून बघायचं कारण नव्हतं, साप नव्हता, काही नव्हतं. गाद्या उलट्या केल्या. भिंतीतल्या सैल फळ्या उचकटल्या. त्याची गाडी दारातच होती, आम्ही माझ्या गाडीतून गेलो होतो, तिची सीट काढली. चाऱ्याच्या गोण्या फोडल्या. ट्रॅक्टरच्या तेलाच्या डब्यात हात घातला. एवढंसं, सूपच्या डब्याएवढं. एवढी जमीन. त्याने ते कुरणात पुरलं असलं तरी मला कळणार नाही, आणि त्याला कळेल.

मिळालं नाही.

परत गेलो तर तो बसला होता, अर्धा ॲपल पाय समोर. मर्ल त्याला काहीतरी विनोद सांगत होता आणि मर्लच्या स्वतःच्याच डोळ्यांत पाणी होतं.


२३ नोव्हेंबर

मारिट,

मी तुला एक सांगितलं नाही. प्रदर्शनाहून येताना गाडीत बाबा बोलला. खिडकीबाहेर बघत म्हणाला, "मारिट बरोबर बोलली होती ना?"

मला माहीत होतं कशाबद्दल. आईला पुरल्यावर चर्चच्या हॉलमध्ये, सगळे हातात प्लेट घेऊन उभे असताना, तू त्याला म्हणालीस की तू गाई व्यायच्या दिवसांत अडकला होतास म्हणून तिला उशिरा दवाखान्यात नेलंस. एक महिना. तू म्हणालीस, वासरं वाचवलीस, आता त्यांच्यासोबत जेव.

माझ्याकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर असतं, शाळेत त्याच्यासाठीच मार खाल्ला. त्या वेळी एक शब्द सुचला नाही. आणि गप्प बसलो म्हणजे मी हो म्हणालो. त्याने तसंच धरलं. मान हलवली आणि रेडिओ लावला.

तू खोटं बोललीस असं मी म्हणत नाही. उशीर झाला हे खरंय. आईनेच सांगितलं होतं की वासरं होऊ देत, मग जाऊ, हेही खरंय. ते तुला माहीत नव्हतं कारण तू इथे नव्हतीस, आणि त्याने ते तुला सांगितलं नाही कारण ती मेलेली होती आणि त्याला दोष तिच्यावर घालायचा नव्हता. मी स्वयंपाकघरात होतो, मी ऐकलं. तेव्हा बोललो नाही, कारण माझ्या तोंडून आलेल्या गोष्टीवर विश्वास कोण ठेवतं.

आता माझ्याकडे बेत नाही. मर्ल दर संध्याकाळी येतो, पत्ते खेळतो, हरतो. डेनी सकाळी काहीतरी उसनं मागायला येतो. काल पाना मागितला, त्याच्याकडे तीन आहेत. मी दिवसभर बाबाच्या मागे मागे असतो. परवा तो चिडला.

"तुला दुसरं काम नाही?"

"नाही."

"मग बादली धर."

मी बादली धरली. काही दिवस असं जाईल. पण मर्लला थंडीत दमा होतो, डेनीच्या गाई आहेत, आणि मला कधीतरी झोप येते. तो वाट बघू शकतो, मारिट. तो एका कोयोट कोल्ह्यासाठी सबंध दिवस बर्फात पालथा पडून राहायचा.

गुरुवारी थँक्सगिव्हिंग आहे. मी टर्की करणार आहे, म्हणजे बाबाला मरायला आणखी एक रस्ता. ही थट्टा करायला नको होती, पण खोडत नाही, तू माझी बहीण आहेस. फोन कर. तो उचलेल, मी उचलणार नाही. माफी मागू नकोस, तो ती घेणार नाही, फोन ठेवून देईल. पावसाबद्दल बोल. समुद्राबद्दल बोल. तो विचारेल तिकडे गवत कसं असतं, तर जाऊन बघ आणि सांग. त्याला उत्तर अपुरं दे, म्हणजे शुक्रवारी परत विचारायला लागेल.

त्याने काही होईल असं मला वाटत नाही. मर्ललाही वाटत नाही, आम्ही बोललो. तरी कर.

आत्ता तो बाहेर पडला, कोट न घालता, शेडच्या बाजूला. मला हाक मारली नाही. मी पेन ठेवून जातोय. पत्र सोमवारी टाकेन. तुला मिळालं, तर समज की सोमवारपर्यंत ठीक होतं. त्याच्या पुढचं मला माहीत नाही.

टोबिन